वेढ्यातून वाट होती, तरी आत का थांबले? अलामो, १८३६

माझी भाची ऑस्टिनला असते, सातवीत. टेक्सासच्या शाळांमधे सातवीला वर्षभर टेक्सासचाच इतिहास शिकवतात, त्यामुळे दरवर्षी तिथल्या कितीतरी मराठी घरांमधे डायनिंग टेबलवर पुठ्ठ्याचा अलामो उभा राहतो, आईसक्रीमच्या काड्यांचं कुंपण वगैरे. (अलामो म्हणजे सान अंतोनियो शहराजवळचं जुनं मिशन. १८३६ मधे टेक्सासची मूठभर माणसं तिथं मेक्सिकन सैन्याच्या वेढ्यात अडकली आणि लढून मेली.) ही बया मला व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "मामा, ते शूर होते हे सगळे सांगतात, ओके, पण रात्री त्यांची माणसं घोड्यावरून बाहेर जात होती, परत येत होती, मग सगळेच का नाही निघून गेले?" मी म्हटलं थांब, वाचून सांगतो. ते वाचणं जरा लांबलं, म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढतोय. तुम्ही साधारण तिच्या वयाचे असाल तर तुमच्यासाठीच आहे.

आधी भांडण कशाचं होतं ते. टेक्सास तेव्हा अमेरिकेत नव्हता, मेक्सिकोत होता. मेक्सिको स्वतःच १८२१ मधे स्पेनपासून सुटलेला, देश अवाढव्य, तिजोरी रिकामी आणि उत्तरेकडचा हा सीमाभाग जवळजवळ ओसाड, तिथं कोमांची या मूळच्या लोकांचा दरारा. मग सरकारने अमेरिकेतून लोक बोलावले, जमिनी घ्या, मेक्सिकोचे नागरिक व्हा, वस्ती करा. स्टीफन ऑस्टिन नावाचा माणूस ही वसाहत आणणाऱ्यांमधला पहिला मोठा, माझ्या भाचीच्या शहराला नाव त्याचंच. लोक आले, इतके आले की थोड्याच वर्षांत तिथं मेक्सिकन कमी आणि अमेरिकन जास्त झाले, आणि येताना त्यातले बरेच जण कापसाच्या शेतीसाठी गुलाम घेऊन आले. मेक्सिकोने १८२९ मधे गुलामगिरी बंद केली (टेक्सासला सूट मिळाली, पण धाकधूक राहिलीच), १८३० मधे अमेरिकेतून नवीन लोक यायलाच बंदी घातली आणि मग १८३५ मधे अध्यक्ष जनरल सांता आना याने १८२४ ची राज्यघटना गुंडाळून सगळी सत्ता राजधानीत ओढली. त्यावर फक्त टेक्सासच चिडला असं नाही, झाकातेकास प्रांतही उठला आणि सांता आनाने तो चिरडला. म्हणजे टेक्सासच्या लढ्यात हुकूमशाहीविरुद्धचा राग होता, जमिनीची हाव होती, गुलाम हातचे जाण्याची भीतीही होती, आणि हे सगळं एकाच माणसाच्या डोक्यात एकाच वेळी असू शकायचं. पाठ्यपुस्तकात एकच कारण लिहिलेलं असतं तेव्हा मला जरा शंका येते.

ऑक्टोबर १८३५ मधे गोन्झालेस गावात एका छोट्या तोफेवरून ठिणगी पडली. डिसेंबरपर्यंत टेक्सासच्या लोकांनी सान अंतोनियो शहर जिंकलं. तिथला मेक्सिकन सेनापती जनरल कोस हा सांता आनाचा मेहुणा, त्याला पुन्हा लढायचं नाही या बोलीवर सैन्यासकट जाऊ दिलं. त्याने बोली पाळली नाही, तीन महिन्यांत तो हल्ल्याची एक तुकडी घेऊन त्याच तटाखाली हजर होता. तर शहर हातात आलं आणि बहुतेक लोकांना वाटलं झालं आपलं युद्ध, शेतं वाट बघतायत, चला घरी.

गड म्हणावा असं तिथं काही नव्हतं

गड म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे कडा येतो, बुरूज येतो, वर जाणारी एकच अवघड वाट येते. अलामो सपाटीवर आहे. १७१८ मधे स्पॅनिश पाद्र्यांनी स्थापन केलेलं ते मिशन, म्हणजे चर्च, राहायच्या खोल्या आणि भोवती भिंत, पुढे मिशन बंद पडल्यावर घोडदळाच्या एका तुकडीने तिथं तळ टाकला. अलामो हे एका झाडाचं स्पॅनिश नाव, कॉटनवुडचं. आवार साधारण तीन एकर, तटाचा घेर चारशे मीटरच्या आसपास, उंची नऊ ते बारा फूट. चर्चला छप्पर नव्हतं. (आज फोटोत दिसतो तो चर्चच्या कपाळावरचा गोलसर कमानीसारखा भाग तेव्हा नव्हताच, तो अमेरिकन सैन्याने १८५० मधे बसवला. पुठ्ठ्याचे सगळे अलामो त्या हिशोबाने चूक.) चर्च आणि दक्षिणेकडच्या बराकींच्या मधे तट नव्हताच, तिथं लाकडी मेढी ठोकून मातीची भर घातली होती. आणि तटावर जंग्या नाहीत, चर्या नाहीत, बंदूक चालवायची तर छातीपर्यंत उघडं व्हायचं. तोफा मात्र भरपूर होत्या, वीसच्या आसपास, त्यातली सर्वात मोठी नैर्ऋत्य कोपऱ्यात. पण चारशे मीटरचा तट आणि वीस तोफा सांभाळायला माणसं किती, तर दीडशे. तोफांवरच निम्मी खर्ची पडली, तटाला उरली कोण?

आणि त्या दीडशेंचीही अवस्था काय! जानेवारीत किल्लेदार होता कर्नल नील. त्याच्याकडचे कपडे, औषधं, घोडे असं बरंच काही दुसरी एक टोळी घेऊन गेली होती, तिला मातामोरोस नावाच्या लांबच्या बंदरावर स्वारी करायची होती. नीलची पत्रं वाचली तर तो माणूस अक्षरशः भीक मागतोय, पगार नाही, अंगावर धड कपडा नाही, टेहळणीला घोडे नाहीत. ती पत्रं वाचणार कोण? टेक्सासचं हंगामी सरकार त्याच महिन्यात फुटलं, गव्हर्नरने कौन्सिल बरखास्त केलं आणि कौन्सिलने गव्हर्नरला. दोघंही म्हणतात सरकार मीच. सेनापती सॅम ह्यूस्टन फेब्रुवारीत चेरोकी लोकांशी तह करायला लांब पूर्वेला गेलेला.

या ह्यूस्टनला अलामो लढवायचा नव्हताच. त्याने जिम बोवी या आपल्या अधिकाऱ्याला तीसेक माणसं देऊन १९ जानेवारीला तिथं पोचवलं ते तट पाडून तोफा मागे आणता आल्या तर बघा अशा विचाराने. गव्हर्नरची संमती मिळाली की काम फत्ते. बोवी आला, त्याने नीलबरोबर जागा बघितली, तोफा ओढून न्यायला बैल-घोडेच नाहीत हे बघितलं, आणि त्याचं मत फिरलं. २ फेब्रुवारीला त्याने गव्हर्नरला लिहिलं की शत्रूच्या हाती देण्यापेक्षा आम्ही या खंदकांतच मरू.

हे नुसतं हट्टाचं बोलणं नव्हतं, त्यात हिशोब होता. मेक्सिकोकडून टेक्सासच्या वस्त्यांकडे येणाऱ्या मोठ्या वाटा दोन. एक समुद्राच्या बाजूने, ती गोलियाडवरून जाते. दुसरी आतून, ती सान अंतोनियोवरून. गोलियाडला टेक्सासचाच जेम्स फॅनिन चारशेच्या आसपास माणसं घेऊन बसलेला. दोन वाटांवर दोन कुलपं. एक कुलूप काढलं की दार उघडंच, मागे थेट शेतं आणि बायकामुलं. बोवीच्या जागी मी असतो तर माझंही मत कदाचित फिरलं असतं, हे आत्ता पंख्याखाली बसून सोपं आहे म्हणा.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला विल्यम ट्रॅव्हिस आला, वय २६, वकील, सोबत तीसेक स्वार. मग टेनेसीतून डेव्ही क्रॉकेट, वय ४९, माजी खासदार, निवडणूक हरून इकडे आलेला, त्याच्यासोबत मूठभर लोक. नील घरच्या आजारपणामुळे निघाला आणि ट्रॅव्हिसला अधिकार देऊन गेला. पण स्वयंसेवक म्हणाले आम्ही असल्या पोराचं ऐकणार नाही, मत घ्या, आणि मत पडलं बोवीला. शेवटी दोघांनी मिळून कारभार करायचा असं ठरलं. किल्ल्याला दोन किल्लेदार! आपल्याकडे सोसायटीला दोन चेअरमन झाले तर काय होतं ते तुम्ही घरी ऐकलंच असेल.

तेरा दिवस

सगळ्यांचा अंदाज होता की सांता आना मार्चच्या मध्यापर्यंत येत नाही, कारण हिवाळ्यात वाटेत घोड्यांना गवत नाही. तो आला. फेब्रुवारीत बर्फ पडला, जनावरं मेली, माणसं मेली, तरी चालवत आणलं त्याने. २३ फेब्रुवारीला सकाळी सान अंतोनियोचे लोक गाडग्यामडक्यांसकट गाव सोडायला लागले तेव्हा ट्रॅव्हिसला संशय आला, सान फर्नांदो चर्चच्या मनोऱ्यावर पहारेकरी होताच, त्याने घंटा बडवली. दोन स्वार बघायला गेले ते घोडे फेकत परत आले.

मग पळापळ. लोक अलामोत शिरले, जाता जाता वाटेतल्या रिकाम्या घरांमधून जे सापडेल ते उचललं. ट्रॅव्हिसच्या पत्राच्या शेवटी हे आहे आणि मला ते पत्रातल्या गर्जनेपेक्षा जास्त आवडतं: शत्रू दिसला तेव्हा आमच्याकडे तीन बुशेलसुद्धा मका नव्हता, मग ओस पडलेल्या घरांमधे ऐंशी-नव्वद बुशेल मिळाला आणि वीस-तीस गुरं तटाच्या आत हाकलली. ऐंशी-नव्वद बुशेल म्हणजे दोन टनांच्या आसपास. महिनाभराहून जास्त नुसतं हटून बसलेल्या शिबंदीकडे वेढ्याच्या दिवशी सकाळी धान्य नाही, आणि संध्याकाळपर्यंत नशिबाने भरलं! ग्रेगोरियो एस्पार्झा हा सान अंतोनियोचाच मेक्सिकन वंशाचा माणूस, अशा लोकांना तेहानो म्हणतात, तो अंधार पडल्यावर बायकोमुलांना घेऊन आला तोवर दारं बंद झालेली, तेव्हा चर्चच्या खिडकीतून सगळ्यांना आत घेतलं. त्याचा लहान मुलगा एनरिके यातून वाचला आणि म्हातारपणी ही हकीकत सांगत राहिला.

सांता आनाने सान फर्नांदोच्या मनोऱ्यावर लाल निशाण चढवलं. अर्थ असा की कुणालाही जिवंत सोडणार नाही. उत्तर म्हणून ट्रॅव्हिसने मोठ्या तोफेचा एक गोळा सोडला. बोवीने त्याच वेळी वेगळा माणूस पाठवून बोलणी करता येतील का विचारलं, त्यावरून ट्रॅव्हिस भडकला आणि त्याने स्वतःचा वेगळा माणूस पाठवला. दोघांना उत्तर एकच, बिनशर्त शरण या. दुसऱ्या दिवशी बोवी तापाने कोसळला तो उठलाच नाही, आणि दोन किल्लेदारांचा प्रश्न असा सुटला.

२४ फेब्रुवारीला ट्रॅव्हिसने ते प्रसिद्ध पत्र लिहिलं, टेक्सासच्या लोकांना आणि जगातल्या सगळ्या अमेरिकनांना उद्देशून. मी कधीही शरण जाणार नाही, माघार घेणार नाही, आणि शेवटी विजय किंवा मृत्यू. हे पत्र बाहेर गेलं कसं? अल्बर्ट मार्टिन नावाचा माणूस घोड्यावर बसला आणि घेऊन गेला. पुढच्या रात्री ह्वान सेगीन हा तेहानो कॅप्टन बोवीचा घोडा घेऊन मदत आणायला गेला. १ मार्चला पहाटे तीनला गोन्झालेसचे ३२ जण चक्क आत आले, अंधारात आपल्याच लोकांनी गोळी झाडली आणि त्यातल्या एकाच्या पायाला लागली. ३ मार्चला ट्रॅव्हिसचा निरोप्या जेम्स बॉनम बाहेरून भर दिवसा घोडा दामटत आत शिरला. शेवटचा स्वार ५ तारखेच्या संध्याकाळी निघाला, हल्ल्याच्या आदल्या संध्याकाळी.

म्हणजे भाचीचा मुद्दा बरोबर, वेढा फुटका होता. पण यात एक मेख आहे. एकटा स्वार निसटतो, दीडशे माणसं निसटत नाहीत, त्यातले कित्येक पायी, कित्येक आजारी, बायकामुलं वेगळी, आणि बाहेर उघड्या माळावर भाला घेतलेलं मेक्सिकन घोडदळ. त्यांच्या हातात भिंत होती तोवर ते सैन्य होते, भिंत सोडली की ती पळती टोळी. शिवाय स्वार परत येत होते हेच त्यांना धरून ठेवणारं होतं. ३२ जण येऊ शकले तर ३०० का येणार नाहीत? मला वाटतं त्यांना तिथं मरायचं नव्हतं, ते वाट बघत होते. फॅनिनची.

गोलियाडहून निघालेल्या गाड्या

आता हा फॅनिन. अलामोपासून गोलियाड साधारण १४५ किलोमीटर. ट्रॅव्हिसची चिठ्ठी मिळाल्यावर फेब्रुवारीच्या शेवटी तो ३२० माणसं आणि चार तोफा घेऊन निघाला. किल्ल्यापासून हाकेच्या अंतरावर गाड्या मोडायला लागल्या. पुढे नदी, ती ओलांडून तोफा पलीकडे न्यायला काही तास गेले, तोवर रात्र, मुक्काम नदीकाठीच. सकाळी उठून बघतात तर बैल चरत चरत कुठेतरी निघून गेलेले, आणि खायचं पुरेसं सोबत घेतलेलंच नाही. झालं. अधिकाऱ्यांची मसलत बसली, ठरलं की परत जायचं.

इथं फॅनिनला शिव्या घालणं सोपं आहे आणि टेक्सासमधे लोक दोनशे वर्षं घालतायत. पण त्याच्याकडेही ते दुसरं कुलूप होतं, आणि समुद्राच्या बाजूने मेक्सिकन जनरल उरेआ येत होताच. तो गेला असता तर गोलियाड उघडं. नाही गेला तर अलामो एकटा. निर्णय घ्यायला वर सरकार नाही, सेनापती हजर नाही. २० मार्चला फॅनिन उरेआला शरण गेला आणि २७ मार्चला सांता आनाच्या हुकमावरून त्याला आणि त्याच्या साडेतीनशेच्या आसपास कैद्यांना गोळ्या घातल्या. तेव्हा तो सुटला असंही नाही.

बॉनमने ३ तारखेला जे पत्र आणलं त्यात मदत येतेय, तग धरा असं होतं, पण फॅनिन काही आला नाही. आणि एक बातमी बॉनमने आणली नाही, कारण त्याला ती माहीतच नव्हती: २ मार्चला वॉशिंग्टन-ऑन-द-ब्राझोस इथं टेक्सासने स्वातंत्र्य जाहीर केलं होतं. सह्या करणाऱ्यांमधे टेक्सासमधेच जन्मलेले फक्त दोघं, नावारो आणि रुईझ, दोघंही सान अंतोनियोचे तेहानो. अलामोतले लोक ज्या स्वातंत्र्यासाठी मेले ते जाहीर झालंय हे त्यांना कळलंच नाही.

ट्रॅव्हिसने तलवारीने जमिनीवर रेघ ओढली आणि थांबणाऱ्यांनी ओलांडा म्हणाला, ही गोष्ट तुम्हाला प्रत्येक पुस्तकात मिळेल. ती छापून आली १८७३ मधे, ३७ वर्षांनी, तीही ऐकीव. झालीच नसेल असं मी म्हणत नाही, पण ती गोष्ट सगळं एका क्षणात बसवते, आणि खरं तर ती रेघ दीड महिना थोडी थोडी ओढली जात होती. तोफा ओढायला बैल नव्हते तेव्हा थोडी, मत घेतलं तेव्हा थोडी, खिडकीतून मुलं आत घेतली तेव्हा थोडी.

६ मार्च

सांता आनाला घाई करायची गरज नव्हती. त्याच्या मोठ्या तोफा एक-दोन दिवसांत पोचणार होत्या, त्यांनी तो तट असाच ढासळला असता, त्याचेच काही अधिकारी थांबा म्हणत होते. त्याने ऐकलं नाही. ५ तारखेला रात्री दहाला तोफखाना बंद केला. बारा दिवस धड झोप न मिळालेली माणसं शांतता होताच झोपली, बाहेरचे पहारेकरीसुद्धा.

पहाटे साडेपाचच्या सुमारास चार तुकड्या, २८ शिड्या, थंडीत जमिनीवर पालथे पडून राहिलेले शिपाई. आणि एवढं सगळं गुपचूप करून कुणीतरी उत्साहात "व्हीवा सांता आना" ओरडलं, झालं, आत जाग आली. तोफांमधे खिळे, बिजागऱ्या, घोड्याच्या नालांचे तुकडे असं मिळेल ते लोखंड भरलेलं होतं, पहिल्या फैरीत रांगाच्या रांगा पडल्या. दाट तुकडीत मागचे शिपाई अंधारात गोळ्या झाडत होते, त्या पुढच्या आपल्याच माणसांच्या पाठीत बसत होत्या. तीन तुकड्या सरकत सरकत उत्तरेच्या तटाखाली एकत्र झाल्या आणि तिथं त्या तोफेच्या माऱ्याखालून सुटल्या, कारण तोफ तेवढी खाली वाकत नाही. तट डागडुजीसाठी लाकडं लावून ठेवलेला, त्या लाकडांवर पाय देत लोक चढले. वाकून गोळी घालायला तटावर आला तो टिपला गेला. ट्रॅव्हिस सुरुवातीलाच पडला, कपाळात गोळी.

मग आतले लोक मागे सरून बराकींच्या खोल्यांमधे शिरले आणि तोफा निकामी करायचं राहून गेलं. त्याच तोफा फिरवून मेक्सिकन सैन्याने खोल्यांची दारं एकेक करून उडवली. काही जण बाहेर माळावर पळाले, तिथं घोडदळाने गाठलं. बोवी खाटेवर मेला. क्रॉकेट लढता लढता मेला की पकडून मारला यावर अजून भांडणं चालू आहेत, मी त्यात पडत नाही. उजाडेपर्यंत, तासा-दीड तासात, संपलं. आतले मेले त्यांचा रूढ आकडा १८९, काही इतिहासकार जास्त धरतात. मेक्सिकन सैन्याचे मेलेले आणि जखमी मिळून ४०० ते ६०० च्या मधे.

एस्पार्झाचा भाऊ फ्रान्सिस्को मेक्सिकोच्या बाजूला होता. त्याने परवानगी मागितली आणि भावाचं प्रेत शोधून पुरलं. बाकी सगळ्यांना लाकडांवर रचून जाळलं, तो एकच पुरला गेला. वाचलेल्या बायकांना प्रत्येकी एक घोंगडी आणि चांदीची दोन नाणी देऊन सोडलं.

सहा-सात आठवड्यांनी, २१ एप्रिलला, सान हासिंतोला दुपारी ह्यूस्टनच्या लोकांनी "अलामो आठवा, गोलियाड आठवा" ओरडत हल्ला केला, मुख्य लढाई १८ मिनिटांत आटपली, आणि त्यानंतर पळणाऱ्यांना, हात वर करणाऱ्यांना मारणं बराच वेळ चाललं. ६०० च्या वर मेक्सिकन मेले. दुसऱ्या दिवशी सांता आना साध्या शिपायाच्या कपड्यात सापडला. टेक्सास देश झाला, नऊ वर्षांनी अमेरिकेत गेला. ज्या सेगीनने फेब्रुवारी १८३७ मधे अलामोतल्या लोकांच्या अस्थींचा लष्करी मानाने दफनविधी केला, तो पुढे सान अंतोनियोचा महापौर झाला आणि १८४२ मधे नव्याने आलेल्या गोऱ्यांनी फितुरीचे आरोप करून इतका छळला की त्याला मेक्सिकोत पळावं लागलं.

भाचीला मी हे सगळं सांगितलं तेव्हा तिने विचारलं, आतलं सगळं बघून बाहेर आलेला कुणी होता का. होता, जो नावाचा एक तरुण. ट्रॅव्हिसचा गुलाम, वय वीस-एकवीस. त्या पहाटे तो ट्रॅव्हिसच्या मागोमाग बंदूक घेऊन तटावर धावला, ट्रॅव्हिसला पडताना त्याने बघितलं, मग एका खोलीत शिरून तिथून गोळ्या झाडल्या. मेक्सिकन सैन्याने त्याला मारलं नाही, मेक्सिकोत गुलामगिरी नव्हती. तो टेक्सासच्या नव्या सरकारपुढे गेला आणि मंत्र्यांना त्याने अलामो कसा पडला ते तपशिलात सांगितलं, सगळे थक्क होऊन ऐकत होते. ऐकून झाल्यावर त्याला ट्रॅव्हिसच्या इस्टेटीत परत पाठवलं, मालमत्ता म्हणून, कारण नव्या देशाच्या घटनेत गुलामगिरी कायदेशीर होती.

२१ एप्रिल १८३७, सान हासिंतोच्या विजयाचा पहिला वाढदिवस. त्या दिवशी जो एका मेक्सिकन माणसाबरोबर दोन खोगीर चढवलेले घोडे घेऊन पळाला. मे महिन्यात पेपरात जाहिरात आली, पकडून आणणाऱ्याला ५० डॉलर. तीन महिने ती छापून येत होती, मग बंद झाली.